दोन ग्रॅमचं शिसं

१२ सप्टेंबर २००७, बुधवार

टाकला. काल संध्याकाळी, तलावात. भाविकचा, माझ्या पोराचा, देव्हाऱ्यातला चांदीचा टाक.

आक्काने सांगितलं तसंच केलं. पाण्याकडे पाठ करून उभा राहिलो, पुडी खांद्यावरून मागे भिरकावली, मागे न बघता चालू लागलो. टुपकन आवाज आला. एवढाच. पोरगा चार वर्षांचा होता, आवाज एवढासाच!

आक्का माझी थोरली बहीण. आईनंतर तिनेच वाढवलं, म्हणून तिच्यापुढे माझी जीभ उचलत नाही. महिनाभर मागे लागली होती. ‘लेकराला असा देवांत बांधून ठेवलास, तर दुसरं कसं येल? मोठ्या मानसाचा टाक करतात. पोराचा कोन करतं?’ काल कमळ नळावर गेली तेवढ्यात आक्कानेच टाक देव्हाऱ्यातून काढला, लाल फडक्यात बांधला, माझ्या हातात दिला. ‘उघडून बघू नको. कमळला बोलू नको.’ मी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली, शर्ट खुंटीला लावला आणि कमळ नळावरून आली तशी शांतपणे अंघोळीला गेलो. शांतपणे!

दुपारी कमळ पिठोरीला माहेरी गेली, अंबाडीला. संध्याकाळी मी तलावावर.

आता ती आल्यावर काय सांगू?

१३ सप्टेंबर

आली. पिशवी ठेवायच्या आधी देव्हाऱ्याकडे बघितलं.

‘टाक कुठं हाय?’

म्हटलं, नवरात्र येतंय, सोनाराकडे उजळायला दिलाय. तोंडातून सटकन गेलं. इतकं छान खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

‘बरं,’ म्हणाली. ‘घटाला आना म्हंजे जालं.’

घटस्थापना बारा ऑक्टोबरला. आज तेरा सप्टेंबर.

१४ सप्टेंबर

तो टाक नुसता चांदीचा पत्रा असता तर दुसरा करून आणला असता. पण भाविक गेला तेव्हा कमळने त्याचे वाळे आणि करगोटा सोनाराकडे नेले. समोर बसून वितळवून घेतले. दोन बोटं रुंद टाक, त्यावर पोराचं चित्र — हात वर केलेला. सोनार नाही म्हणत होता. ती उठलीच नाही. त्याच्या पायातलं, कमरेतलं जे काही राहिलं होतं ते सगळं त्यात आहे. दुसरा कुठून आणू?

परत काढायचा. दुसरा मार्ग नाही.

१५ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

घरोघरी गणपती. मी चिंधूच्या दारात. हा माणूस तलावात पडलेले हंडे, चपला, एकदा तर एकाची कवळीसुद्धा काढून देतो. दोनदा बुडी मारली. वर आला तर कोपरापर्यंत काळा.

‘दोन पुरुष पानी हाय. खाली मांडीभर चिखल. हात घातला का समदं काळं व्हतं, डोल्याला काय दिसत न्हाय. तू कुठं टाकलंस ता तरी सांग.’

कुठे ते मला काय माहीत! मी पाठ करून उभा होतो ना!

‘मंग न्हाय,’ म्हणाला. त्याला काय टाकलंय हे सांगितलं नाही. किल्ली म्हटलं.

१७ सप्टेंबर

विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ शेजारून आणला. दोराला बांधून तासभर तळ खरवडला. वर आलं — निर्माल्य, थर्माकोल, एक चप्पल. सगळं पाणी चहासारखं करून टाकलं. जिथे गळ पडतो तिथे खड्डा होतो. म्हणजे पुडी वर असेल तर मीच तिला आणखी खाली ढकलतोय! हे डोक्यात आलं तेव्हा दोर हातातून सुटला.

रात्री जेवताना कमळ — ‘आला का सोनाराकडून?’

१८ सप्टेंबर

अय्यूबकडे गेलो. शाळेतला मित्र. बारा वर्षं बहारीनला होता, आता नारपोलीत त्याचे आठ लूम, यंत्रमाग, आहेत. शेजारच्याच शेडमध्ये मी जॉबर, बिघडलेला लूम चालू करून देणारा. बहारीनहून लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात. याने तीन फिशिंग रॉड आणले. घरात त्यावरून त्याची बायको, जमिलाभाभी, अजून बोलते.

म्हटलं, मला शिकव.

रोजा होता त्याचा, तोंड सुकलेलं, तरी डोळे चमकले. ‘तू? मछली? तुला पाणी बघून चक्कर येते ना!’

म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय, डोकं शांत ठेवायला. खोट्याची सवय लागली की पुढचं आपोआप सुचतं.

२० सप्टेंबर

पहिला रॉड दिला. दहा फूट, खराट्याच्या दांड्याएवढा जाड. नारळाएवढं रीळ. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, असा की म्हैस बांधावी. समुद्राच्या काठचा रॉड म्हणे, लांब फेकायला. फेकला. लांब गेला. पण खाली चिखल आहे की दगड, हाताला काहीच कळत नाही! लूमवर उभ्या ताण्याचा एक धागा ढिला झाला तर मी डोळे मिटून बोटाने सांगतो. इथे बोट मेलेलं.

तीनदा अडकला. तिसऱ्यांदा ओढून ओढून वर काढला तर गणपतीचा पाट.

गौरी बसल्या. कमळने आपल्या हाताने काही केलं नाही, आक्कानेच केलं. कुंकवाच्या डबीचं झाकणही हरवलंय. वर कागद ठेवून रबर लावते. म्हटलं, सणाचं तरी नवी डबी आण. ‘आनीन कवातरी.’ या बाईचं कशातच लक्ष नाही. आणि माझं?

‘आला का?’ — विचारलंच.

२३ सप्टेंबर, रविवार

आज खरं काहीतरी शिकलो.

अय्यूबने तिसरा रॉड काढला, कापडी पिशवीतून, लहान बाळ काढावं तसा. साडेसहा फूट, ग्रॅफाइटचा, हाताला लागतच नाही. टोक इतकं नाजूक की फुंकर मारली तरी हलतं. त्यावर मुठीएवढं रीळ. तंगूस सहा पौंड पेलणारा, केसासारखा. आणि शिसं — दोन ग्रॅम! मला हसू आलं. दोन ग्रॅम शिसं तळापर्यंत जाईल कधी?

‘जाएगा. तू गिन.’ मोजलं. चौदाला तंगूस ढिला पडला. ‘बस. तळ.’

बहारीनला त्याच्या कंपनीत एक अमेरिकन साहेब होता, त्याने हे शिकवलं. त्यांच्याकडे बास नावाचा मासा आहे. त्याच्याकडच्या मासिकात फोटो बघितला, तोंड आपल्या जिताड्यासारखं. फार शहाणा मासा. जड काही दिसलं की सरकतो. मग त्याच्यासाठी सगळं हलकं करत जायचं — रॉड हलका, तंगूस बारीक, शिसं कमी, हात सावकाश. ‘जितना कम करेगा, उतना जास्ती समझेगा,’ असं तो साहेब म्हणायचा म्हणे.

रीळ फिरवून ओढायचं नाही. रॉडचं टोक वीतभर वर घ्यायचं, तेवढंच तळावरून सरकवायचं, थांबायचं. मग ढिला तंगूस रिळावर घ्यायचा. पुन्हा वीतभर. तंगूस तर्जनीवर टेकलेला. गाळ असेल तर पिठातून ओढल्यासारखं. दगड — टक्. लाकूड धरतं आणि सोडतं.

‘आणि कापड?’ मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. ‘कापड कशाला?’

‘सहज.’

‘कापड आवाज करत नाही. वजन हळूहळू वाढतं. बस.’

२६ सप्टेंबर

काल विसर्जन. तलावाच्या काठी पाय ठेवायला जागा नव्हती. विसर्जनाचा घाट पलीकडे आहे, देवाची कृपा. पण मी दिवसभर घरात बसून ढोल ऐकले आणि प्रत्येक गणपती माझ्या पोराच्या अंगावर पडतोय असं वाटत राहिलं. हे लिहायला नको. पण दुसरीकडे कुठे लिहू?

२८ सप्टेंबर

दुपारी तीन ते सहा लाइट जाते, लूम बंद. तेवढे तीन तास माझे. मी उभा होतो ती जागा धरली — दगडी भिंतीचा कोपरा. पुडी मागे टाकली म्हणजे समोरच्या अर्ध्या गोलात कुठेतरी. भिंतीवर खडूने खुणा केल्या. प्रत्येक खुणेच्या दिशेने जवळ, मध्ये, लांब. ताग्यातला फॉल्ट शोधतो तसं, एक बोटही सोडायचं नाही.

अय्यूब येऊन मागे कधी उभा राहिला कळलं नाही.

‘चांग्या, आमिष कुठे आहे?’

गळ रिकामा होता.

‘आठ दिवस बघतोय मी. तू आमिष लावतच नाहीस. खाली कापड लागलं तर कसं कळेल विचारतोस. काय शोधतोयस?’

सांगितलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आक्का, लाल फडकं, सोनार, रोजचं विचारणं.

तो पाण्याकडे वळला. मग म्हणाला, ‘तूने बच्चे को पानी में डाल दिया?’

रागावून नाही. विचारलं फक्त. मी तंगूस रिळावर गुंडाळायला लागलो.

‘भाभी को बोल दे. आज के आज.’

म्हटलं, आधी काढतो. मग सांगतो.

२९ सप्टेंबर

अय्यूबच्या शेडमागे पाण्याचा हौद आहे. त्याने घरातून चिखल कालवून तळाला ओतला. वर लाल फडक्यात एक नाणं बांधून टाकलं, तशीच पुडी. माझे डोळे रुमालाने बांधले. ‘ढूंढ.’

पहिल्या वेळेला वीस मिनिटं. तंगूस जड झाला, मी हिसका दिला, सुटली.

‘हिसका माशाला! कापडाला नाही! कापडाला गळ हळूच बसू दे.’

शिसं खाली आणि गळ त्याच्या वर चार बोटं, असं बांधून दिलं. म्हणजे शिसं गाळावरून घसरतं आणि गळ वर मोकळा राहतो, रुतत नाही. रिळाचा ब्रेकही ढिला केला — ‘अटका तो धागा छोड़ेगा, टूटेगा नहीं.’ सातव्या वेळेला सापडली. दहाव्या वेळेला चार मिनिटांत.

लूमवरचे कामगार दारात उभे राहून बघत होते. दोन संसारी माणसं, एकाच्या डोळ्याला रुमाल, हौदात मासे पकडतायत!

१ ऑक्टोबर

आज खरं लिहितो. आक्कावर सगळं ढकलून चालणार नाही.

मला तो टाक नकोसा झाला होता. रोज सकाळी कमळ त्याला अंघोळ घालायची, पुसायची, बोटाने गंध लावायची. तिच्या ओठांचं हलणं दिसायचं. तिला पोरगा तिथे सापडायचा. मला नाही. मला ताप दिसायचा, रिक्षा दिसायची, माझ्या मांडीवरचं त्याचं डोकं. तीन वर्षं मी देव्हाऱ्यासमोरून मान खाली घालून जात होतो. आक्का बोलली तेव्हा मी मनातून सुटलो. दुसऱ्या मुलाचं वगैरे सगळं नंतरचं.

आता ती रिकामी जागा बघवत नाही. माझ्यासारखा गाढव शोधून सापडणार नाही.

२ ऑक्टोबर

काही नाही. ‘आला का?’ — ‘सोनार गावाला गेलाय.’

४ ऑक्टोबर

हसावं की रडावं! सहाव्या खुणेवर वजन आलं. हळू वाढलं, टक् नाही. श्वास रोखला. हळूच टोक वर घेतलं — आणि तंगूस सणाणत निघाला! रीळ ओरडायला लागलं. काठावरचे लोक धावले. बिनआमिषाच्या गळाला, नुसत्या चमकीला, मरळ मासा! दीड किलो तरी असेल. लोक टाळ्या वाजवतायत, ‘वा मामा, वा!’ आणि मी त्याच्या तोंडातून गळ काढताना रडतोय. सोडून दिला परत.

‘सोडलास?’ अय्यूब कळवळला. ‘मेरा रोज़ा है, यार! इफ्तारीला झाली असती!’

मग माझं तोंड बघितलं आणि रॉड पिशवीत भरला.

७ ऑक्टोबर

लागली होती. शप्पथ लागली होती.

नववी खूण, मध्यावर. वजन हळूहळू आलं, जसं हौदात येत होतं तसंच. सरकत होती माझ्याकडे, वीत वीत. मला धीर धरवला नाही. हात आपोआप वर गेला. हिसका! एकदम हलकं झालं सगळं.

वर आलं तेव्हा गळाला लाल धागा. एवढाच, बोटभर.

त्यानंतर चाळीस वेळा टाकलं तिथे. काही नाही. कदाचित आता गाळात गेली असेल. मी घालवली. दोनदा टाकलं मी त्याला पाण्यात.

घरी आलो तर कमळ भाजी निवडत होती. ‘आला का?’ मी ओरडलो तिच्यावर. रोज रोज काय तेच, सोनाराला दुसरी कामं नाहीत काय! ती भाजी निवडत राहिली. लाल धागा खिशात होता.

८ ऑक्टोबर

गेलोच नाही. लूमखाली पडून होतो, तेलात.

९ ऑक्टोबर

सांगायचं ठरवून घरी गेलो. दारातून वाक्य जुळवत गेलो — कमळ, एक चूक झाली. ती शेजारच्या बायकांबरोबर ओट्यावर बसून चरख्यावर सूत गुंडाळून लूमच्या कांड्या भरत होती, घरबसल्या करते तेवढं. धागा तुटला की न बघता गाठ मारते, टोकं दातांनी तोडते, चरखा थांबतसुद्धा नाही. मला बघून तिने चरखा थांबवला. हात मांडीवर ठेवून बसली, मी काहीतरी बोलणार आहे असं बघत.

मी म्हटलं, ‘पाणी दे.’

उठली, दिलं. मग विचारलं, ‘आला का सोनाराकडून?’

‘येईल.’

१० ऑक्टोबर

अय्यूबने दीड ग्रॅमचं शिसं करून दिलं, घरी तासून. ‘इससे कम नहीं होता.’ पुडी हलली असली तरी वरच्याच गाळात असणार म्हणाला. धागा आला म्हणजे तिथेच आहे. तो आशा लावतो, मला भीती वाटते.

नववी, दहावी, अकरावी खूण. काही नाही.

११ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

सापडली!

बरोबर एक महिना.

दहावी खूण, जवळच. शिसं पिठातून सरकावं तसं येत होतं. मग बोटावर काहीतरी बसलं. बसलं म्हणजे — माशी बसते तेवढं. मी थांबलो. अय्यूब मागे होता, त्याला न बघता कळलं. ‘रुक,’ म्हणाला. ‘सांस ले.’ वीतभर. वजन तसंच. आणखी वीतभर. वाढलं. मी मनात एक दोन मोजत राहिलो, हाताला काही करू दिलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग पाण्याखाली काळपट लाल दिसलं. अय्यूब कपड्यांसकट कमरेपर्यंत उतरला, ओंजळीत घेतली.

फडकं फाटलं नव्हतं, एका कोपऱ्याचे धागे तेवढे निघालेले. गाठ बारीक, घट्ट, टोकं आखूड तोडलेली. मी तिथेच सोडायला लागलो, अय्यूबने हात धरला. ‘घर ले जा. पहले भाभी को बोल, फिर खोल.’ अजान झाली. त्याने खिशातून खजूर काढला, अर्धा मला दिला. दोघेही ओले, चिखलाचा वास, काठावर बसून अर्धा अर्धा खजूर खाल्ला. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

डब्यात लपवून आणली. आज सांगणार होतो. पण आता सापडलीच आहे, तर कशाला? सकाळी पुसून देव्हाऱ्यात ठेवतो, सोनाराने पहाटे आणून दिला म्हणतो. तिला कधी कळायलाच नको. अय्यूबला मात्र, कमळला सगळं सांगितलं, असं सांगेन.

झोपताना तिने विचारलं, ‘आला का?’

‘उद्या. सकाळी नक्की.’

ती कुशीवर वळली. ‘उद्या मंग घट.’

१२ ऑक्टोबर, घटस्थापना

कमळ नळावर गेल्यावर गाठ सोडली. सुटेना, दातांनी सोडवली. कांडीवाल्या बायका मारतात ती गाठ. आक्काने आयुष्यात सूत धरलेलं नाही.

आत टाक नाही. कुंकवाच्या डबीचं झाकण.

झाकण धुतलं, पुसलं, डबीवरचा कागद काढून बसवलं. बरोबर बसलं. कमळ आली, घटापुढे बसली, डबी उचलली. झाकणावर तिचा अंगठा थोडा वेळ थांबला. मग उघडलं, कुंकू लावलं, पुन्हा बंद केलं.

आता रात्र झाली. आज तिने विचारलं नाही. टाक तिने कुठे ठेवलाय, मीही विचारलं नाही.